घरच्या रेकॉर्डिंगसाठी मल्टीट्रॅक रेकॉर्डर: आधी माणसं मोजा, मग ट्रॅक

मल्टीट्रॅक रेकॉर्डर म्हणजे प्रत्येक आवाज वेगळ्या ट्रॅकवर, म्हणजे वेगळ्या पट्टीवर, साठवणारं यंत्र. तो बघायला लागलं की पहिला आकडा डोळ्यांत भरतो तो ट्रॅकचा. ८ ट्रॅक, १६ ट्रॅक, ३२ ट्रॅक. जास्त ट्रॅक म्हणजे भारी यंत्र, असं वाटणं साहजिक आहे. पण कोल्हापुरात भजनी मंडळं, शाहिरी पथकं, गाण्याच्या शिकवण्या घेणारे गवई आणि गिटार घेऊन बसणारी कॉलेजची पोरं यांना यंत्र निवडायला मदत करताना मला दिसलंय ते असं, की या आकड्यावर भुललेला माणूस हमखास फसतो. आपल्याकडचं बरंचसं संगीत एकत्र बसून वाजतं. म्हणून बघायचा आकडा दुसराच आहे: एका वेळी किती माईक आत घेता येतात?

हा लेख त्याच अंगानं लिहिलाय. मॉडेलांची नावं पुढं येतीलच, पण कागद-पेन घेऊन सुरुवातीच्या पायऱ्या उरकल्याशिवाय तिकडं उडी मारू नका.

पायरी १: कागदावर बैठक मांडा

तुमच्या खोलीत एकाच वेळी कोण कोण वाजवणार, ते लिहून काढा. पुढे कधीतरी जमणारं स्वप्नातलं पथक सोडून द्या. दर आठवड्याला खरोखर येतात ती माणसं लिहा.

भजनी मंडळ धरू. बुवांचा आवाज १, पेटी १, पखवाजाला २ (शाई एक, धुमा एक), मागच्या टाळकऱ्यांना आणि कोरसला मिळून १ किंवा २. म्हणजे ५ ते ६. ख्यालाची बैठक: गायक १, तबला १ किंवा २, पेटी १, तानपुरा १. म्हणजे ४ ते ५. शाहिरी पथक: शाहीर १, डफ १, ढोलकी १ किंवा २, तुणतुणं १, झीलकऱ्यांना १. पुन्हा ५-६. ढोलकीफडाचा बाज धरला आणि हलगीही आली, तर ८ माईक सहज लागतात. उलट, एकटाच गिटार वाजवून गाणारा आणि नंतर त्यावर कीबोर्ड, बास, दुसरा आवाज चढवणारा असेल, तर त्याला एका वेळी २ इनपुट पुरतात. ट्रॅक मात्र ८ किंवा १६ लागतील.

इनपुट म्हणजे दारं आणि ट्रॅक म्हणजे आतल्या खोल्या. २ दारं आणि ८ खोल्या असलेल्या यंत्रात ६ माणसं एकदम शिरू शकत नाहीत, दोन-दोन करून शिरावं लागतं. बाजारातली कितीतरी यंत्रं अशीच असतात: खोक्यावर मोठ्या अक्षरात '८ ट्रॅक', आणि मागं माईक लावायला जागा दोनच.

याचं कारण या यंत्राच्या जन्मात आहे. १९७९ मध्ये टॅस्कॅम कंपनीनं पोर्टास्टुडिओ १४४ काढला. साध्या कॅसेटवर ४ ट्रॅक. गीतकारानं घरी एकट्यानं एकेक थर चढवत गाणं उभं करावं, ही त्यामागची कल्पना. आजचे डिजिटल रेकॉर्डरही त्याच कल्पनेची नातवंडं आहेत. कानात क्लिक, म्हणजे लय मोजणारी टिकटिक, वाजत असतो, लय ठरलेली असते आणि प्रत्येक वाद्य आपापल्या वेळी येऊन आपला ट्रॅक भरून जातं.

आपल्या भजनाला हे मानवत नाही. अभंग विलंबित सुरू होतो आणि गजर येईपर्यंत लय दुपटीला गेलेली असते. ती कधी आणि किती वाढवायची ते बुवांच्या मानेच्या हालचालीवरून पखवाजी ठरवतो. पोवाड्यात शाहीर मध्येच थांबून गद्यात बोलतो, आणि पुन्हा उचल कुठं घेतो ते त्याचं त्यालाच ठाऊक. ख्यालात तबलजी समेवर गवयाची वाट बघतो. ही माणसं वेगवेगळ्या दिवशी हेडफोन घालून क्लिकवर वाजवायला बसवलीत तर सूर लागतील, ठेकाही बसेल, पण गाणं मेलेलं ऐकू येईल. म्हणून मंडळासाठी यंत्र घेत असाल तर कागदावरच्या बेरजेत २ मिळवा, आणि तेवढे माईक एकदम न घेणारं यंत्र यादीतून काढून टाका. ते २ कशाला? एक तानपुऱ्याच्या ॲपला आणि एक ऐनवेळी येणाऱ्या पाहुण्याला. पाहुणा येतोच.

पायरी २: रेकॉर्डर हवाच आहे का?

लॅपटॉप आणि ऑडिओ इंटरफेस (माईक संगणकाला जोडणारी पेटी) या जोडीत त्याच पैशात संपादनाची ताकद जास्त मिळते, हे खरंच आहे. एकट्यानं काम करणाऱ्याकडं बरा लॅपटॉप असेल, तर त्यानं आधी इंटरफेसचाच विचार करावा. रीपरसारखं स्वस्त सॉफ्टवेअर किंवा फुकटचं ऑडॅसिटी घेऊनही सुरुवात होते.

रेकॉर्डरची बाजू वेगळी आहे. बटण दाबलं की तो तयार. मध्येच अपडेट येत नाही, पंख्याची घरघर नाही. ऐकू येणाऱ्या आवाजात उशीर होत नाही, म्हणजे लेटन्सीची कटकट नाही. मंडळात ज्याला त्यातलं काही कळत नाही तोही लाल बटण दाबू शकतो. शिवाय संगणकाच्या पडद्यासमोर बसलं की लोक गाण्यापेक्षा लाटांचे आलेख बघत बसतात, असं माझं मत आहे.

मधला मार्ग सगळ्यांत शहाणपणाचा: रेकॉर्डिंग रेकॉर्डरवर करायचं आणि मिक्सिंग नंतर संगणकावर. त्यासाठी प्रत्येक ट्रॅक वेगळी वेव्ह फाईल म्हणून बाहेर काढता आला पाहिजे. आता बहुतेक यंत्रांत ही सोय असते. अनेक यंत्रं यूएसबीनं जोडली की स्वतःच ऑडिओ इंटरफेस बनतात. हे दोन्ही नसेल तर ते यंत्र घेऊ नका.

आणि फक्त रियाज ऐकायचा असेल, बुवांना सुटलेल्या जागा दाखवायच्या असतील, तर स्टीरिओ हँडी रेकॉर्डर भरपूर झाला. मल्टीट्रॅकचा पसारा त्यासाठी मांडू नका.

पायरी ३: इनपुटचा मागचा पत्रा वाचा

यंत्राच्या मागच्या बाजूचा फोटो मोठा करून बघा. दुकानदार समोरची बाजू दाखवतो. निर्णय मागच्या बाजूवर असतो.

पहिलं, एक्सएलआरची, म्हणजे माईकच्या तीन पिनांच्या केबलची, भोकं किती? साध्या पाव इंची जॅकचं भोक लाईन इनपुट, म्हणजे कीबोर्डसारख्या आधीच मोठ्या आवाजासाठीचं, असू शकतं. माईकचा बारीक आवाज मोठा करणारा प्रीअँप त्यामागं असेलच असं नाही. कॉम्बो सॉकेट असेल तर दोन्ही प्रकारच्या पिना बसतात.

दुसरं, फँटम पॉवर. कंडेन्सर माईकला ४८ व्होल्ट लागतात आणि ते रेकॉर्डरनंच पुरवायचे असतात. ती सोय सगळ्या इनपुटना आहे की काहींनाच, हे नीट वाचा. २००९ साली आलेला झूम आर १६ अजून जुन्या बाजारात फिरतो. त्यात ८ इनपुट आहेत, पण फँटम फक्त दोघांना. डायनॅमिक माईकवर (त्यांना ही वीज लागत नाही) भागवणार असाल तर हरकत नाही; चार कंडेन्सर घेऊन बसलात तर दोन मुके राहतील. काही यंत्रांत फँटम गटागटानं चालू होतं, एकाला द्यायचं तर शेजारच्यांनाही जातं. चांगल्या केबलनं जोडलेल्या डायनॅमिक माईकला त्यानं इजा होत नाही. जुना रिबन माईक कोणाकडं असेल तर मात्र जपा, आणि फोनवरचं तानपुरा ॲप जोडताना त्या इनपुटचं फँटम बंद आहे ना, हे बघा.

तिसरं, इलेक्ट्रिक गिटार किंवा बाससाठी हाय-झी नावाचं बटण असलेलं एक तरी इनपुट. भजनी मंडळानं याकडं दुर्लक्ष केलं तरी चालेल.

चौथं, आणि हे कुठल्याच पत्र्यावर लिहिलेलं नसतं: प्रीअँप किती शांत आहे. हलगी किंवा ढोलकी रेकॉर्ड करायला कुठलाही प्रीअँप चालतो, आवाजच एवढा असतो. खरी परीक्षा तानपुऱ्याची. मिरज आपल्यापासून साधारण ५० किलोमीटरवर, तिथल्या तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्या तानपुऱ्याच्या जवारीतले बारीक स्वर पकडायचे तर गेन, म्हणजे प्रीअँपची आवाज वाढवण्याची पातळी, खूप वर न्यावा लागतो, आणि तिथं स्वस्त प्रीअँप 'स्स्स' करायला लागतो. ज्या गावात उस्ताद अल्लादियाखाँ शाहू महाराजांच्या दरबारी गायक होते आणि देवल क्लबसारखी एकोणिसाव्या शतकातली संस्था अजून नांदते, तिथं ख्याल रेकॉर्ड करणाऱ्याला हा 'स्स्स' परवडणारा नाही. त्यानं ट्रॅक कमी घ्यावेत, पण प्रीअँप कानानं तपासून घ्यावा.

पायरी ४: ट्रॅकचा हिशेब

आता ट्रॅककडं. इथंही आकडा जरा सोलून बघावा लागतो. टॅस्कॅमच्या डीपी-२४एसडीवर २४ ट्रॅक लिहिलेत. त्यांतले १२ मोनो आणि ६ स्टीरिओ, म्हणजे हाताशी येणाऱ्या वाहिन्या १८. डीपी-३२एसडीवर ३२, त्यांतले मोनो ८ आणि स्टीरिओ १२. दोन्ही यंत्रं एका वेळी ८ इनपुटच घेतात. म्हणजे मोठा आकडा असलेल्या यंत्रात मोनो ट्रॅक उलट कमीच आहेत. एकेका माईकवर काम करणाऱ्याला २४ वालं जास्त सोयीचं पडू शकतं.

एकट्या कलाकाराला ट्रॅक कमी पडले तर बाऊन्स नावाची जुनी युक्ती आहे: चार ट्रॅक मिसळून एकात किंवा दोनांत ओतायचे आणि चार मोकळे करायचे. मूळ ट्रॅकची प्रत आधी ठेवलीत तर भीती नाही. पंच-इन म्हणजे चुकलेल्या ओळीपुरतं पुन्हा रेकॉर्ड करणं. गायकांना हे रोज लागतं, आणि प्रत्येक यंत्रात ते सोपं असतंच असं नाही.

पायरी ५: बिट, सँपल आणि हलगी

यावर वाद घालण्यात लोक संध्याकाळ घालवतात. बिट म्हणजे आवाजाचं माप किती बारीक, आणि सँपल म्हणजे ते माप सेकंदाला किती हजार वेळा घ्यायचं. थोडक्यात: २४ बिट, ४४.१ किंवा ४८ किलोहर्ट्झ. व्हिडिओ करणार असाल तर ४८ सोयीचं. १६ बिटात सगळ्यांत हळू ते सगळ्यांत मोठ्या आवाजाचा तात्त्विक आवाका साधारण ९६ डेसिबलचा, २४ बिटात १४४ चा. याचा व्यवहारातला फायदा एवढाच, की लेव्हल वरपर्यंत ठासून भरायची गरज उरत नाही. मीटरवरचं शिखर, म्हणजे सगळ्यांत जोराचा आवाज, -१२ डेसिबलच्या आसपास ठेवा आणि निवांत राहा.

हलगीवाल्यांसाठी मात्र जरा थांबतो. हलगी-घुमकं-कैताळ या आपल्या मेळात हलगीचा पहिला टोला इतका अचानक आणि टोकदार असतो, की मीटर हलायच्या आत लेव्हल फाटलेली असते. त्यात वादक आधी हलगी जाळावर शेकतो. थंड हलगीवर गेन ठरवलात आणि तो शेकून आला, की सगळं गणित कोसळतं. गेन नेहमी शेकलेल्या हलगीवर, आणि वादकाला 'सगळ्यांत जोरात वाजव' सांगून ठरवावा. तो प्रत्यक्षात त्याहून जोरात वाजवणार आहे, हे धरून आणखी थोडा खाली घ्यावा.

काही नव्या यंत्रांत ३२ बिट फ्लोट असतं. त्यात आवाज फाटल्यासारखा दिसला तरी नंतर खाली आणता येतो, गेनची चिंता जवळजवळ संपते. पण माईकच स्वतः ओव्हरलोड झाला असेल तर कुठलाही फ्लोट वाचवत नाही.

पायरी ६: वीज

पावसाळ्यात संध्याकाळी वीज जाते, हे कोल्हापूरकरांना सांगायला नको. रेकॉर्डिंग चालू असताना यंत्र अचानक बंद पडलं तर चालू फाईल अर्धवट किंवा खराब होऊ शकते. छोटी यंत्रं पेन्सिल सेलवर चालतात. झूम आर १२ ला ४ लागतात. फँटम चालू असेल तर सेल भराभर उतरतात, म्हणून रिचार्जेबल सेलचे दोन संच ठेवा. ८ इनपुटवाली मोठी यंत्रं मात्र बहुधा अडॅप्टरवरच चालतात. त्यांना छोटा यूपीएस लावा. घरच्या इन्व्हर्टरवर चालवणार असाल तर तो साईन वेव्ह हवा. चौकोनी वेव्हच्या इन्व्हर्टरवर हेडफोनमध्ये गुरगुर ऐकू येण्याचा संभव मोठा.

दुसरा त्रास अर्थिंगचा. पेठांतल्या जुन्या घरांत तीन पिनांचं सॉकेट असतं, पण तिसरी तार कुठंच गेलेली नसते. ओळखायचं कसं? यंत्राच्या धातूच्या भागाला बोट लावल्यावर हम्म आवाज कमी झाला, तर रेकॉर्डरला दोष देऊ नका, वायरमनला बोलवा. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आणि डिमरवाले दिवेही असाच आवाज सोडतात. रेकॉर्डिंगच्या वेळी ते बंद.

पायरी ७: कार्ड आणि फाईली

२४ बिट, ४४.१ वर एका मोनो ट्रॅकला मिनिटाला जवळपास ८ एमबी लागतात. ८ ट्रॅक तासभर म्हणजे ३.८ जीबी. ३२ जीबीच्या कार्डावर ८ ट्रॅकचं आठेक तास रेकॉर्डिंग मावतं. म्हणजे अवाढव्य कार्डाची गरज नाही. खात्रीचं कार्ड हवं. कंपनी आपल्या संकेतस्थळावर तपासलेल्या कार्डांची यादी देते, त्यातलंच घ्या. जुनी यंत्रं ३२ जीबीच्या वरचं कार्ड ओळखत नाहीत. कार्ड नेहमी यंत्रातच फॉरमॅट करायचं, संगणकावर नाही. आणि रेकॉर्डिंग झालं की त्याच रात्री दोन ठिकाणी प्रत.

आता मॉडेलं

एकट्यासाठी किंवा दोघांसाठी: झूम आर ४ मध्ये ४ ट्रॅक, २ इनपुट आणि ३२ बिट फ्लोट. खिशात मावण्याजोगा आणि नवशिक्याला सोपा. झूम आर १२ मध्ये ८ ट्रॅक, इनपुट २, टच स्क्रीन. टॅस्कॅम डीपी-००८ईएक्स आणि डीपी-०३एसडी हेही ८ ट्रॅक-२ इनपुटचेच. डीपी-०३एसडीला प्रत्येक ट्रॅकचा खराखुरा फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची सरकती पट्टी, आहे. ज्यांना पडद्यावर बोट सरकवण्यापेक्षा हातानं फेडर ढकलायला आवडतं, त्यांनी तो जरूर बघावा. पन्नाशीपुढच्या वादकांना मी नेहमी फेडरवालंच यंत्र सुचवतो. चष्मा न लावता वापरता येतं, एवढं कारण पुरेसं आहे.

तिघा-चौघांसाठी, तेही घराबाहेर, देवळात वगैरे: झूम एच ६. यात एक्सएलआर इनपुट ४ आणि वर बसवायचा स्टीरिओ माईक वेगळा, असे ६ ट्रॅक. ख्यालाच्या घरगुती बैठकीला हे चोख बसतं. गायक, तबला, पेटी, तानपुरा चार माईकवर, आणि खोलीतली दाद वरच्या स्टीरिओ माईकवर. दाद वेगळ्या ट्रॅकवर असणं ही चैन वाटते, पण मिक्स करताना तीच बैठकीला जिवंत ठेवते.

मंडळासाठी: झूम आर २० मध्ये ८ इनपुट आणि १६ ट्रॅक. टॅस्कॅम डीपी-२४एसडी आणि ३२एसडी यांचं वर आलंच.

आणि आता माझं पक्कं मत. मंडळाचे बाहेर कार्यक्रमही होत असतील, तर नुसता रेकॉर्डर न घेता रेकॉर्डिंग करणारा मिक्सर घ्या. टॅस्कॅम मॉडेल १२ मध्ये ८ माईक प्रीअँप आहेत आणि तो एका वेळी १२ ट्रॅक कार्डावर टाकतो: १० इनपुटचे, २ मिक्सचे. झूमच्या लाईव्हट्रॅक एल-१२ मध्ये १२ वाहिन्या आणि स्टीरिओ मिक्स मिळून १४ ट्रॅक एकदम रेकॉर्ड होतात, शिवाय पाच जणांना वेगवेगळं मिक्स देणारी पाच हेडफोनची भोकं. धाकटा एल-८ सहा माईक घेतो आणि सेलवरही चालतो, म्हणजे देवळाच्या सभामंडपात विजेची वायर शोधत फिरायला नको. कार्यक्रमात तोच मिक्सर स्पीकरला आवाज देतो आणि त्याच वेळी आत ट्रॅक साठवतो. एका खर्चात दोन कामं. कमी जागा, एकट्याचं काम आणि थरावर थर चढवायचे असतील, तर मात्र आर १२ सारखा रेकॉर्डरच बरा. मिक्सरवर ते काम अवघडल्यासारखं होतं.

बजेटची विभागणी

सगळे पैसे यंत्रात घालू नका. माईक, स्टँड, केबल, हेडफोन, कार्ड आणि यूपीएस यांना मिळून निदान यंत्राइतकेच पैसे बाजूला ठेवा. सहा माईक म्हणजे सहा स्टँड आणि सहा केबली, हा खर्च यादी करताना हटकून विसरला जातो. शुअर एसएम ५७ आणि ५८ साठ वर्षांपूर्वीचे माईक आहेत, आजही ढोलकी, हलगी, पखवाज आणि गर्दीतला आवाज यांसाठी बिनघोर चालतात. पेटी आणि तानपुऱ्यासाठी एखादा कंडेन्सर, उदाहरणार्थ ऑडिओ-टेक्निका एटी २०२०. नकली एसएम ५८ बाजारात फार आहेत. अर्ध्या किमतीत मिळतोय म्हणजे तो नकलीच समजा.

आपल्याकडच्या पावसात कंडेन्सर माईक उघडा ठेवू नका. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसकट ठेवा, आणि वापरण्याआधी थोडा वेळ खोलीत राहू द्या.

पायरी ८: हातात घेऊन तपासा

ही यंत्रं कोल्हापुरातल्या वाद्यांच्या दुकानात ठेवलेली क्वचित दिसतात, बहुधा पुण्या-मुंबईहून किंवा ऑनलाइन मागवावी लागतात. पुण्याला जाणार असाल तर स्वतःचा माईक, केबल, बंद कानाचा हेडफोन आणि एक कार्ड बरोबर न्या. दुकानदार नाक मुरडेल. मुरडू दे.

डायनॅमिक माईक लावून गेन पाऊण भागापर्यंत वर न्या आणि काही न बोलता ऐका. मग एक हात लांबून हळू आवाजात आलाप घ्या. आलापाच्या मागं फुसफुस किती, यावर प्रीअँप कळतो. नंतर एक ओळ रेकॉर्ड करून तिच्यात मधेच पंच-इन करा, आणि ते अनडू करा. मॅन्युअल न उघडता हे पाच मिनिटांत जमलं नाही, तर घरी मंडळ ताटकळत बसलं असताना तर नाहीच जमणार. शेवटी कार्ड काढून फाईली लॅपटॉपवर उघडतात का बघा. जीएसटीचं बिल आणि भारतातली वॉरंटी मागा. परदेशातून आलेलं यंत्र स्वस्त पडतं, पण बिघडलं तर दाद कुठं मागायची?

जुनं यंत्र घेताना प्रत्येक फेडर आवाज चालू ठेवून वरखाली करा. खरखर आली तर आत धूळ आहे. प्रत्येक इनपुटला माईक लावून बघा, प्रत्येकाला. हेडफोनचं भोक हलवून बघा, सगळ्यांत आधी तेच ढिलं होतं. मूळ अडॅप्टर नसेल तर भाव पाडा, आणि दुसरा घेताना व्होल्टेजबरोबर पिनेची धन-ऋण बाजूही जुळते का, ते पाहा.

पायरी ९: पहिली बैठक

यंत्र आलं की परत करण्याची मुदत संपायच्या आत सगळ्या इनपुटसह एक पूर्ण बैठक रेकॉर्ड करा. गणपती-नवरात्रात पेठेत याचा विचारसुद्धा करू नका. साउंड सिस्टिमच्या धक्क्यानं भिंतीसुद्धा रेकॉर्ड होतात. पत्र्याच्या छताखाली राहत असाल तर पावसाची सर नसलेली वेळ बघा. रात्री दहानंतर किंवा पहाटे, ज्या वेळेला शेजारी मान्य करतील ती.

बसण्याची मांडणी यंत्राइतकीच महत्त्वाची. कार्डिऑइड माईक मागच्या बाजूनं बहिरा असतो. त्यामुळं बुवांच्या माईकची पाठ नेमकी पखवाजाकडं येईल असं दोघांना समोरासमोर बसवा. एकमेकांची मान दिसते आणि गाण्याच्या ट्रॅकवर पखवाज कमी येतो. टाळकरी सगळ्यांत लांब. टाळांचा आवाज कुठल्याही माईकमध्ये घुसतो, त्याला स्वतःच्या माईकची गरज क्वचितच पडते. दोन माईकमधलं अंतर हे माईक ते वाद्य या अंतराच्या निदान तिप्पट ठेवा. म्हणजे पेटीपासून १ फुटावर माईक असेल तर शेजारचा माईक ३ फूट तरी लांब. नाहीतर एकच आवाज दोन माईकमध्ये जरा पुढंमागं पोचतो आणि मिक्समध्ये पोकळ लागतो.

पेटीचा माईक वरून, एक-दीड फुटावर, सुरांच्या बाजूला. भात्याच्या बाजूला ठेवलात तर सुरांपेक्षा हवाच जास्त येईल. पखवाजाला दोन्ही बाजूंना वीतभर अंतर सोडा, आणि धुम्याची कणीक बैठक रंगता रंगता वाळते, त्याबरोबर डाव्या ट्रॅकचा नाद बदलतो, हे ध्यानात ठेवून दर दोन अभंगांनी तो ट्रॅक हेडफोनवर ऐका.

सगळे स्थिर झाल्यावर आधी एक गजर पूर्ण जोरात वाजवून घ्या आणि त्यावर गेन ठरवा. मग दहा सेकंद सगळ्यांना गप्प बसवून नुसती खोली रेकॉर्ड करा. नंतर आवाज साफ करताना हा तुकडा उपयोगी पडतो. मग अभंग. फाईलला तारीख आणि अभंगाचा पहिला शब्द असं नाव तिथल्या तिथं द्या. बैठक संपल्यावर प्रत्येक ट्रॅक एकटा, सोलो करून ऐका. एखाद्या इनपुटमध्ये खरखर, एखाद्यात हम्म, एखादा मुळातच मुका, असं काही निघालं तर केबल अदलाबदल करून बघा. दोष केबलबरोबर सरकला तर केबल बदला. त्याच इनपुटला चिकटून राहिला तर यंत्र खोक्यात घाला आणि मुदतीच्या आत परत पाठवा.